हौसाक्कांची दाट टाक्यांची गोधडी

"अहो, पंखा! आधी पंखा बंद करा!" हौसाक्का उंबऱ्यातूनच ओरडल्या आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. लेक जागी झाली असती.

नववा महिना लागलेली सारिका कॉटवर नव्हतीच. गोधडीत गुरफटून ती झोपेतच छताकडे निघाली होती. दिनकररावांनी धावत जाऊन बटण दाबलं. पाती गरगरत थांबली, तेवढ्यात सारिका पात्यांखाली पोचली आणि हातभर अंतरावर तरंगत राहिली.

"दवाखान्यातल्या बाईंनी गोधडीसाठी हा हलका दोरा देताना काय सांगितलं होतं?" दिनकरराव कुजबुजले. "दोन ओळींत चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे पोरीचं वजन निम्मं होईल. निम्मं!"

"चार बोटं? ती काय गोधडी म्हणायची का गोणपाट?" हौसाक्का फणकारल्या. "माझ्या हाताला दाट टाक्याचीच सवय."

दिनकरराव शिडी आणायला वळले, तसा हौसाक्कांनी त्यांचा सदरा धरला. "थांबा. ऐका जरा."

दोन महिने उशांना टेकून, धापा टाकत, बसल्या बसल्या डुलक्या काढणारी त्यांची लेक वर चक्क घोरत होती!

हौसाक्कांना हसू आवरेना. त्यांनी गोधडीच्या लोंबत्या टोकाला परकराची नाडी बांधली आणि हलकेच ओढून सोडली. सारिका झुलली. गोधडीला आतून एक इवलीशी लाथ बसली.

"अहो," हौसाक्का म्हणाल्या, "बारशाच्या आधीच पाळणा हलला की!"