दोन रेषांमधला चिखल

लाँचवरच्या खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा उमटत होत्या. पाणी संपून चिखल सुरू होत होता ती वरची. चिखल संपून घट्ट जमीन लागत होती ती खालची. अण्णा चष्म्यावरून दोन्हींकडे बघत होते.

"वरची रेषा तळ धरली तर जहाज आत येत नाही," लाँचचा चालक म्हणाला. "खालची धरली तर खुशाल येतं. तुम्ही कुठली धरणार?"

"मधली."

"मधे तर रेषाच नाही."

"म्हणून तर मला ठेवलंय."

चालक हसला. बंदरात अण्णांना पाठीमागे सगळे गाळबुवा म्हणत. गाळबुवांनी होकार दिला की पायलट डोळे मिटून जहाज आत आणतो, असं कँटीनमध्ये बोललं जायचं. नकार दिला की मात्र वरून कुणाचाही फोन येवो, जहाज बाहेरच राहायचं.

आज बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर त्यांचा मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी समुद्रावरच्या नोकरीवरून बापलेकांचं बिनसलं, आणि तेव्हापासून तो फक्त आईला फोन करायचा. या भरतीला जहाज आत आलं तर एक रात्र घरी. नाही तर ते पुढच्या बंदराला जाणार, आणि तिथून थेट समुद्रापार. मग कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी निघताना बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती.

"तुमच्या चिखलाला म्हणावं, आजच्या दिवस जरा पातळ हो."

"चिखल कुणाचं ऐकत नाही."

"या घरात तरी माझं कोण ऐकतं?"

त्या खिडकीतून गोदामांची छपरं दिसायची, मधोमध पाण्याची थोराड टाकी, आणि छपरांवरून सरकत जाणाऱ्या डोलकाठ्या. डोलकाठी टाकीमागे गेली की बायको चहाचं आधण ठेवायची. उकळी फुटेपर्यंत ती पलीकडून बाहेर यायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे तिचं घड्याळ होतं.

लाँच पाण्याच्या टाकीमागच्या खाडीच्या वळणावर थांबली. इथला चिखल सगळ्यांत दाट. अण्णांनी काचेची बाटली दोरीने खाली सोडली, दोन रेषांच्या मधे आणून उघडली, मिटली आणि वर घेतली. परीक्षा साधीच होती. बाटली आडवी धरायची. चिखल ओघळला तर जहाजाचा तळ त्यातून निभावून जाईल. जागीच बसून राहिला तर जहाजालाही बसवेल.

अट एकच, बाटली हलवून हिसळू द्यायची नाही. हिसळलेला चिखल घटकाभर पाण्यासारखा वागतो आणि मग पुन्हा घट्ट धरतो. मुलाने लहानपणी एकदा अशी बाटली खुळखुळ्यासारखी वाजवली होती, तेव्हा अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला होता.

अण्णांनी बाटली उजेडात धरली. जराशी कलती केली. मग सरळ केली.

"कसाय?" चालकाने विचारलं.

"कचेरीत जाऊन बघू."

लाँच धक्क्याला लागली. एरवी अशी बाटली ते तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी छातीशी धरून कचेरीचा जिना चढत. आज बाटली पिशवीत होती, पिशवी बोटाला लटकत होती, आणि अण्णा एक पायरी सोडून एक चढत होते.

"पायाला चाकं लागली की काय, अण्णा?" चालक खालून म्हणाला.

"भरती थांबते का कुणासाठी?"

बंदर अधिकारी बाई वाटच बघत होत्या. अण्णांनी पिशवीतून बाटली काढली आणि त्यांच्या टेबलावर आडवी धरली. चिखल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरसर वाहत गेला.

"छान," बाई म्हणाल्या. "मला तर वाटलं होतं, मुलगा आहे म्हणून तुम्ही उलट जास्तच कडक व्हाल."

"चिखल दिसेल तसा सांगायचा."

"तुमचा शब्द म्हणजे विषयच संपला." त्यांनी पायलटला कळवायला फोन उचलला.

बाटली धुवून फळीवर ठेवायची रीत होती. अण्णांनी ती तशीच पिशवीत टाकली. मोजणीच्या वेळी ते मोबाइल आपल्या टेबलाच्या खणात ठेवत. आता काढला तर घरचे बरेच कॉल येऊन गेलेले. अण्णांनी उलट फोन केला नाही. ही बातमी तोंडानेच सांगायची होती. वाटेत ते दोनदा थांबले. एकदा तर परत फिरून चार पावलं चाललेसुद्धा, पण मग पुन्हा घराकडे वळले.

दारात मोठाले बूट होते.

मुलगा स्वयंपाकघरात बसला होता. बारीक झाला होता, दाढी वाढली होती. बापाला बघून तो उठला, आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचेना.

"फोन का उचलत नाही तुम्ही?" बायको म्हणाली. डोळे रडून लाल झाले होते, चेहरा मात्र हसत होता. "तुम्ही गेलात आणि मागोमाग हा दारात."

"सामान पोचवणाऱ्या लाँचने आलो," मुलगा म्हणाला. "आमच्या कप्तानानेच पाठवलं. म्हणाला, मोजणारे तुझे वडील आहेत ना, मग तो माणूस घरचं जहाज आत घेणारच नाही. तू आधीच भेटून ये, अंधार पडायच्या आत परत फिर." त्याने खुर्ची बापाकडे सरकवली. "मलाही तसंच वाटलं, बाबा. बरं वाटलं."

अण्णा खुर्चीवर बसले. मुलाने पिशवीतून डोकावणारी बाटली जपून, अजिबात न हिसळता, दोन्ही हातांनी उचलली. आडवी धरली. चिखल तसाच बसून राहिला.

"हा तर दगड झालाय," तो म्हणाला. "परत पाठवलं असेल ना आमचं जहाज?"

"अगं बाई," बायको खिडकीतून म्हणाली, "एक आत येतंय की."

डोलकाठी टाकीमागे गेली. सवयीने तिने आधण ठेवलं. अण्णांनी खिशातला मोबाइल काढला. कचेरीचा नंबर लावताना तो दोनदा चुकला.

चहाला उकळी आली, तो उतू गेला, गॅस विझला. टाकीच्या पलीकडचं आकाश मोकळंच होतं.