दुर्गाबाईंचा जामीनदार

सरकारी ट्रकखाली नवरा गेला, त्याची भरपाई दुर्गाबाईंनी झाशीच्या कोर्टात भांडून मिळवली. सरकारनं अपील केलं. सरकारला जामीन माफ असतो. बाईंना मात्र पैसे उचलायचे तर जामीनदार हवा; अपिलात हरल्या तर परत कोण करणार?

"सरकार थोड़ी मरती है, अम्माजी," जामीन मलाच का, असं बाईंनी विचारल्यावर त्यांचे वकीलसाहेब हसले.

बाईंचं हृदयाचं ऑपरेशन त्याच पैशांवाचून अडलं होतं. वडिलांच्या जागी सरकारी नोकरीत चिकटलेल्या मुलापुढं त्यांनी जामिनाचा कागद ठेवला. "नीलकंठ, एवढी सही कर रे."

नीलकंठनं कागद उलटसुलट वाचला.

"करतो की, आई. नाही कुठं म्हणतोय? आधी ऑपरेशन तर होऊ दे. त्यातून वाचलीस, की लगेच करतो."