गुलाबी सपाता

"आई, रक्त!" सून ओरडली, तेव्हा कुठे माईंनी खाली पाहिलं. टाचेत काच रुतली होती. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"घरातसुद्धा सपाता घालायला सांगितल्यात ना डॉक्टरांनी?" पट्टी बांधताना सून रडकुंडीला आली. "पाय गमवायचाय का?"

"स्वयंपाकघरात देव आहेत गं." माईंनी हळूच अप्पांकडे पाहिलं. नवऱ्याच्या धाकाने त्या रोज दाराशीच सपाता काढून आत जायच्या.

अप्पा उठले. माईंच्या गुलाबी सपातांत त्यांनी कशीबशी पावलं कोंबली आणि फटक फटक करत थेट देव्हाऱ्यासमोर जाऊन हात जोडले.

"बाटवलं मीच स्वयंपाकघर," मागे न वळता ते म्हणाले. "आता तुला कसली भीती? घे ह्या. चावतायत मला."