एक्केचाळिसावा फॉर्म

परवीननं तिसऱ्यांदा फॉर्म मोजले. पुन्हा पंच्याऐंशीच भरले; हवे होते शहाऐंशी.

टेबलापलीकडे मुख्याध्यापक वानखडे सर खुशीत होते. शनिवारी मोर्शीच्या स्टँडवर चोरीला गेलेली परवीनची बॅग आज सोमवारी कंडक्टरनं शाळेत आणून दिली होती. गाडी धुताना मागच्या सीटखाली सापडली म्हणे. पाकीट होतं, पाकिटातले पैसे होते, डबा होता, पेन ड्राइव्हसुद्धा होता. असा सज्जन चोर आपण उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही, असं सर दोनदा म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

शाळेत इंटरनेट नव्हतं आणि सरकारला मुलांची माहिती ऑनलाइन हवी होती. शिक्षकांत बी.एस्सी. झालेली परवीन एकटीच. म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की ती मुलांचे फॉर्म बॅगेत घालून मोर्शीच्या नेट कॅफेत जायची. परवा परतताना गाडीला गर्दी होती. सगळे करतात तेच तिनं केलं, जागा धरायला बॅग खिडकीतून सीटवर टाकली. दारातून रेटारेटी करत आत पोचेपर्यंत सीटवर एक म्हातारी बसली होती आणि बॅग गेली होती.

तिनं फाइलीतले फॉर्म एकेक उलटत नंबर पाहिले. चाळीसनंतर बेचाळीस आला.

"सर, एक्केचाळीस नाही."

पडला असंन कुठी, सर म्हणाले. परवीननं फाइल त्यांच्यासमोर धरली. कागद नाडीत ओवलेले होते. नाडी सोडल्याशिवाय मधला कागद निघत नाही, आणि कुणीतरी ती सोडून पुन्हा नीट बांधली होती.

एक्केचाळीस म्हणजे सातवीतली आकांक्षा. तिची आई कौशल्याबाई गावातल्या संत्र्याच्या शेडमध्ये माल निवडायची. नवऱ्यानं अंगावर विळा उगारला तेव्हा पोरीला घेऊन अकोल्याकडच्या गावातून निघाली, ती इथं. दोन वर्षं तिनं पत्त्याचा रकाना कोरा ठेवला होता. यंदा परवीननं तिला समजावलं की कोरा रकाना कॉम्प्युटर घेत नाही, आणि हे कागद बाहेर कुणी बघत नाही. गावात घरांना नंबर नव्हते. मग परवीननं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पाण्याच्या टाकीमागं, दुसरी खोली, निळं दार. खाली मोबाइल नंबर.

आकांक्षाचं नाव ऐकलं आणि सरांचा कप हातातच राहिला. मागच्या आठवड्यात एक माणूस पेढे घेऊन आला होता. आकांक्षाचा काका आहे म्हणाला, पत्ता मागत होता.

"मी नाही देल्ला," सर म्हणाले. "साफ सांगतलं त्याले. शाळेत कागद राहतच नाहीत, शनिवारी मॅडम मोर्शीले घेऊन जातात."

सांगून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग सर हळू आवाजात म्हणाले की आईला सांगू, पण बाकी कुठं बोलायचं नाही. दुष्काळानं माणसं कामाला बाहेर गेली, पट आधीच घटला आहे. बोभाटा झाला तर अजून पोरं जातील, तुकडी तुटेल, आणि पहिली नोकरी परवीनचीच जाईल. परवीननं ऐकून घेतलं. मग ती उठली आणि म्हणाली, मी आधी शेडवर जाते, तिथून पोलीस ठाण्यात, आणि तिथं पेढेवाल्याचंही सांगणार. सर नको म्हणाले नाहीत.

कौशल्या खाली बसून संत्री निवडत होती. परवीननं उभ्यानंच सगळं सांगितलं, मध्ये थांबली असती तर पुढचं सांगवलं नसतं. कौशल्या ओरडली नाही. तिनं हातातलं संत्रं बरोबर त्याच्या ढिगात ठेवलं.

"खोलीबी लिहिली होती?"

"हो."

"अन् निळं दार?"

परवीननं मान डोलावली.

"काल दिवसभर एक जण टाकीपाशी बसून होता," कौशल्या म्हणाली. "तोंडाले दुपट्टा गुंडायेल. मले वाटलं, कोणी मजूर असंन."

ती खोलीवर गेलीच नाही. शेडमधून थेट शाळेत आली, चालू तासातून पोरीला उठवलं आणि फाट्यावर जाऊन उभी राहिली. आकांक्षाच्या पाठीवर दप्तर होतं, तेवढंच सामान. परवीन त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत आली. आता इथूनच ठाण्यात जाते, तुम्हीही चला, असं ती म्हणत होती. कौशल्या नुसती हं हं करत होती. तिचं लक्ष रस्त्यावरून येणाऱ्या एकेका मोटरसायकलीवर होतं.

वळणावर गाडी दिसली. परवीनच्या तोंडून निघून गेलं, "कुठं जाणार? पोचलात की कळवा मला."

"मॅडम, आमी ना," आकांक्षा सांगायला लागली.

कौशल्याचा तळहात पोरीच्या तोंडावर बसला. गाडी येऊन थांबली, दार उघडलं, तरी तो हात निघाला नाही. पोरीला तशीच पुढं घालून ती पायरी चढली आणि वळली.

"राग नका मानू, मॅडम," ती म्हणाली. "तुमी लय बराबर लिहिता."