आमचा सौमित्र गातो

“आता आमचा सौमित्र एक गाणं म्हणेल!” कमलाकांत वकिलांनी जाहीर केलं, आणि सौमित्रच्या घशात भजं अडकलं.

चिखलदऱ्याच्या हॉटेलचं अंगण. नाताळच्या सुट्या, त्यामुळे अमरावती-अकोल्याची बरीच कुटुंबं शेकोटीभोवती जमलेली. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. हॉटेलवाल्याने माइक आणून ठेवला होता, आणि माइक दिसला की वकीलसाहेबांना राहवत नसे.

सौमित्रने आजवर कुठे कुठे गायलं नव्हतं! पुरीच्या गाडीत, तिकीट तपासणाऱ्यासमोर. केरळात नावेत, नावाड्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी बाबांनी त्याला वल्हं थांबवायला लावलं होतं. कन्याकुमारीला तर सूर्योदय बघायला आलेली माणसं सूर्य सोडून याच्याकडे बघत राहिली. पण तेव्हा तो लहान होता. लोक कौतुकाने गालगुच्चे घेत. आता तो पंधरा वर्षांचा होता आणि दिवाळीपासून त्याचा आवाज फुटला होता. वाक्य बासरीसारखं सुरू होई अन् रेड्यासारखं संपे.

त्यात समोर अकोल्याची जुईली बसली होती. दुपारी देवी पॉइंटवर तिने आपला फोटो काढायला मोबाइल दिला होता तो नेमका त्याच्याच हातात.

“बाबा, नको ना,” तो कुजबुजला.

“लाजतं कावून रे? ऊठ!”

तो उठला. पहिली ओळ निभावली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढायचा होता. तिथे आवाज टर्रकन फाटला, आणि स्पीकरने तो साऱ्या दरीला ऐकवला. पोरं फिदीफिदी हसली. मोठी माणसं चहाच्या कपात बघू लागली. जुईलीने ओढणी तोंडाशी धरली. आईने, अनसूयाबाईंनी, ‘बस बाळा, खाली बस’ अशी खूण केली.

तो बसला नाही. कान तापले होते. तरी माइक घट्ट धरून त्याच फाटक्या आवाजात तो म्हणाला, “आता आमचे बाबा एक गाणं म्हणतील!”

कोर्टात समोरच्याला तोंड उघडू न देणारे वकीलसाहेब चाचरले. “मी? मले कुठं…” पण शेकोटीभोवती टाळ्यांचा ठेका सुरू झाला होता. “वकीलसाहेब! वकीलसाहेब!” सौमित्र सगळ्यांत जोरात ओरडत होता. बाबांची अशी फजिती त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

वकीलसाहेब उठले. माइक त्यांनी घेतलाच नाही. भज्यांची स्टीलची ताटली रिकामी केली, खंजिरीसारखी उंच धरली, तिच्यावर बोटं आपटली आणि भजनाची पहिली ओळ टाकली.

रांगडा, मोकळा, चढा आवाज. शेवटच्या खुर्चीपर्यंत सहज पोचला. दुसऱ्या ओळीला अकोल्याच्या आजोबांनी मान डोलावली, तिसऱ्या ओळीला सगळं अंगण ध्रुवपद उचलायला लागलं. जुईली टाळ्या वाजवत होती. सौमित्रही गात होता, फाटक्या आवाजात, बेधडक, आणि त्या गजरात कोणी हसत नव्हतं. अनसूयाबाई दुसऱ्याच कोणाचा नवरा बघावा तशा बघत होत्या. एक झालं, दुसरं झालं. लोकांनी तिसरंही म्हणायला लावलं.

घाम पुसत वकीलसाहेब खुर्चीत टेकले. सौमित्र त्यांच्याजवळ सरकला.

“बाबा, तुम्ही एवढं गाता? मग दरवेळी मलेच कावून उठवता?”

वकीलसाहेब पोरासारखे लाजले.

“मले वाटे, कोनीतरी म्हनन, पोरगा एवढा गाते तर बापबी गात असन,” ते म्हणाले. “पन कोनी म्हटलंच नाही ना बाबू कधी.”