माशाचा उपास

गोल्डफिश पोट वर करून तरंगत होता. कल्ले तेवढे हलत होते. मी त्याला बरणीत घालून फिशटँकच्या दुकानात नेलं.

दुकानदार इब्राहिमने बरणी उजेडात धरली. "काका, हा फुगलाय. दिवसातून किती वेळा खायला घालता?"

"माझ्या दोन्ही जेवणांबरोबर भाताची शितं. चहाच्या वेळी बिस्किट."

"अहो, मासा आहे की जावई?"

"बायको गेल्यापासून समोर कोणी खात नसेल तर माझा घास उतरत नाही."

तो हसायचा थांबला. "तीन दिवस कडक उपास. मग उकडलेला मटार, साल काढून. पुढे दिवसातून एकदाच, चिमूटभर."

पाचव्या दिवशी मासा सरळ पोहू लागला. मला पाहताच काचेशी आला.

आता मीही दिवसातून एकदाच ताट वाढून घेतो, त्याच्यासमोर.