जानेवारीतला कूलर

"ही भिंत पाणी पिऊन राहिली, काका," प्रशिक म्हणाला आणि त्याने ओल मोजायचं यंत्र पुन्हा एकदा खिडकीखालच्या भिंतीला टेकवलं. यंत्र पुन्हा वाजलं.

घर विकत घेण्याआधी नीट तपासून घ्यावं, म्हणून विक्रम आणि नूपुर या नवराबायकोने ह्या तरुण इंजिनिअरला सोबत आणलं होतं. सकाळपासून त्याने छत पाहिलं, फरशा ठोकून पाहिल्या, घरातले सगळे नळ एकदम सोडून पाहिले. कुठेच खोट निघाली नाही. निघाली ती या मागच्या खोलीत.

घरमालकीण सुमती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओल आपल्यामुळेच आली, याची तिला खात्री होती.

ही तिच्या मुलाची, केयूरची खोली. हिंगण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून तो सकाळी यायचा आणि दुपारभर इथे झोपायचा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर त्याचा कूलर होता. गेल्या मे महिन्यात वाडीजवळ एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. तेरावं झालं आणि तिच्या नवऱ्याने, विश्वनाथरावांनी, स्वतःच्या हातांनी खोली रिकामी केली. पलंग, कपडे, बूट, सगळं देऊन टाकलं. "ठेवून काय करायचं?" एवढंच ते बायकोला म्हणाले. घर विकायचंही त्यांनीच ठरवलं. सुमतीने मान हलवली. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे. नवऱ्यालाही वाटत नसावं, असं ती धरून चालली होती.

कूलर तेवढा राहिला होता. स्टँडचे बोल्ट गंजल्यामुळे तो निघाला नाही. जुनी चादर गुंडाळून तो तसाच ठेवला होता. रोज दुपारी विश्वनाथराव आडवे झाले की सुमती मोगऱ्याला पाणी घालायला बाहेर पडायची. परतताना तांब्यात घोटभर पाणी उरवायची आणि ते चादरीखालून, आत न पाहता, कूलरच्या टाकीत ओतायची. केयूर उठायच्या आत टाकी भरायची, ही दहा वर्षांची सवय. नवऱ्याला कळलं, तर कूलरही भंगारात जाईल. ही एक भीती तेवढी तिच्यात अजून जिवंत होती.

"बाथरूम तर पलीकडे आहे. मग इथे पाणी येतं कुठून?" विक्रम म्हणाला. "राग मानू नका काका, पण हे कळल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही."

"घर कोरडंच आहे," विश्वनाथराव म्हणाले.

"भिंत तसं म्हणत नाही ना, काका," नूपुर हळूच म्हणाली. "बाहेरून पाहू या का?"

सगळे बाजूच्या बोळात आले. खिडकीखाली बागेचा हिरवा पाइप पडला होता. विश्वनाथराव पहाटे अंधारातच उठून झाडांना पाणी घालत. प्रशिकने कूलरवरची चादर ओढली. सुमतीने डोळे मिटून घेतले.

"अरे बाप रे! काका, सारं नागपूर स्वेटर घालून बसलं आणि तुम्ही कूलर लावून राहिले का?"

विक्रम हसला. विश्वनाथराव हसले नाहीत.

"उन्हाळ्यातलं पाणी असेल," ते म्हणाले. "काढायचं राहून गेलं."

"उन्हाळ्यातलं असतं तर शेवाळ धरलं असतं." प्रशिकने टाकीत हात बुडवला. "हे पाणी आजचं आहे. टाकीले कुठे भोक नाही. वरून वाहून राहिली, तेच भिंतीत मुरून राहिलं. आता रिकामी करून टाका, महिन्याभरात भिंत वाळते. घर पक्कं आहे."

विक्रमचा चेहरा मोकळा झाला. नूपुर मात्र कूलरकडेच पाहत होती.

"पण काकू, यात रोज पाणी घालतं कोण?"

विश्वनाथराव खाली वाकले आणि पाइपाची गुंडाळी करू लागले. एकदा केली, सोडली, पुन्हा करू लागले.

आता सांगून टाकावं, असं सुमतीला वाटलं. तिने डोळे उघडले, 'मी' म्हणायला ओठ विलग केले आणि ती थांबली. टाकी काठोकाठ भरलेली होती. पाण्यात तिला वरचं आभाळ दिसत होतं.

तिचं रोजचं घोटभर पाणी त्या टाकीच्या तळालासुद्धा पुरलं नसतं.